प्राचीन ते आधुनिक असं जागतिक साहित्य स्वतःच्या स्वतः अभ्यासायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? काळाच्या क्रमानेच वाचावं का?

क्रमाने वाचायला माझा तरी विरोध आहे. ज्या लिस्टा फिरत असतात त्या सगळ्या गिल्गामेश या मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यापासून सुरू होतात, मग ग्रीक महाकवी होमर, मग ग्रीक नाटकं, आणि माणूस बहुतेक वेळा होमरच्या इलियडच्या दुसऱ्या सर्गातच गळतो, कारण तिथे कुठला सरदार किती जहाजं घेऊन आला याची लांबच्या लांब यादी आहे आणि ती गाळली तर आपण चीटिंग करतोय असं वाटत राहतं. बिनधास्त गाळा. वाटलं तर नंतर परत याल.

त्यापेक्षा एक प्रश्न हातात धरा आणि तो घेऊन सगळ्या काळांतून फिरा, सनावळी एका कागदावर बाजूला लिहून ठेवली की पुरे. प्रश्न कुठलाही चालेल, मरणाचा, युद्धाचा, घर सोडून गेलेल्या माणसाचा. माझा आवडता म्हणजे "ही गोष्ट सांगतंय कोण, आणि त्याचं का ऐकायचं?"

होमरचीच ओडिसी घ्या, युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियसची गोष्ट. एकडोळ्या राक्षसाची गुहा, सर्सी ही जादूगारीण, गाण्याने भुलवणाऱ्या सायरन वगैरे जे न वाचलेल्यांनाही ऐकून माहीत असतं ते सगळं ९ ते १२ या चार सर्गांत आहे, आणि ते कवी सांगत नाही, ओडिसियस स्वतः सांगतो, परक्या राजाच्या दरबारात, ज्या राजाच्या जहाजातून त्याला घरी जायचंय. बरोबरचे सगळे मेलेत, साक्षीदार एकही उरलेला नाही. शिवाय घरी पोचल्यावर हाच माणूस भेटेल त्याला नवी थाप मारत सुटतो, अगदी बायकोलासुद्धा. राक्षसाचा आणि सूर्याच्या गुरांचा उल्लेख पहिल्याच सर्गात दुसऱ्यांच्या तोंडून येऊन गेलेला असतो म्हणून तेवढं खरं धरू, बाकीचं काय? हा संशय मनात ठेवून ते चार सर्ग वाचा, मग कंटाळा येतो का सांगा.

महाभारतात तर थरच थर आहेत. व्यासांची रचना, ती वैशंपायन जनमेजयाला ऐकवतात, आणि तिथे ती ऐकून आलेला सौती नैमिषारण्यात ऋषींना सांगतो. म्हणजे ऐकणारा राजा पांडवांचाच पणतू, आणि त्याच्या तोंडावर त्याच्या पणजोबांची लफडी, कपटं, जुगार सगळं काढलंय, कुणी काही झाकलेलं नाही. गोष्टीत गोष्टीचा हाच खेळ पंचतंत्रात आहे, ते सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने अरबीत नेलं आणि तिथून युरोपभर पसरलं.

अरेबियन नाइट्समध्ये शहरजाद जीव वाचवायला गोष्टी सांगते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण खरी गंमत पुस्तकाबाहेर आहे. आंत्वान गालाँचं फ्रेंच भाषांतर १७०४ ते १७१७ या काळात आलं, आणि अल्लाउद्दीन नि अलीबाबा, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी लोक ते पुस्तक ओळखतात, त्या त्याच्याकडच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. अलेप्पोहून पॅरिसला आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने त्या १७०९ मध्ये गालाँला तोंडी सांगितल्या, गालाँच्या डायरीत त्याचं नाव आहे आणि छापील पुस्तकात नाही. सांगणारा कोण, नाव कुणाचं.

आणि मग सर्व्हांतेसची स्पॅनिश कादंबरी 'दोन किहोते', म्हणजे आपण ज्याला डॉन क्विक्झोट म्हणतो ती. पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर पहिल्या भागातले थोडे चॅप्टर वाचून सरळ दुसऱ्यावर उडी मारा, मी तर म्हणेन दुसराच जास्त भारी आहे. मध्ये १६१४ ला कुणीतरी टोपणनावाने नकली दुसरा भाग काढला होता, त्यात नायक सारागोसाला जातो, म्हणून सर्व्हांतेसचा किहोते मुद्दाम रस्ता बदलून बार्सिलोनाला जातो, का तर ते पुस्तक खोटं पडावं! पहिल्या भागात किहोतेचा सेवक सांचो याचं गाढव चोरीला जातं आणि नंतर काहीच स्पष्टीकरण न देता परत त्याच्याखाली हजर, लोकांनी ते पकडलं होतं. दुसऱ्या भागात पहिला भाग वाचलेला एक पदवीधर थेट सांचोलाच त्याचा जाब विचारतो आणि सांचो म्हणतो लिहिणाऱ्याची चूक असेल नाहीतर छापणाऱ्याची. चारशे वर्षांपूर्वीचं आहे हे, आणि पुस्तकाने स्वतःवरच बोलण्याला लोक पोस्टमॉडर्न, म्हणजे हल्लीचा नवा खेळ, म्हणून नाचतात.

आधुनिक काळात हाच प्रश्न एकदम टोकदार होतो. इंग्रजीत लिहिणाऱ्या कॉनरॅडच्या हार्ट ऑफ डार्कनेस या कादंबरीत (१८९९) थेम्स नदीत नांगर टाकून उभ्या नावेवर मार्लो नावाचा खलाशी काँगोची गोष्ट सांगतो, आणि ज्यांच्या देशात ती घडते त्यांना तिच्यात जवळजवळ तोंडच नाही. १९५८ मध्ये नायजेरियाच्या चिनुआ अचेबेची थिंग्ज फॉल अपार्ट ही कादंबरी आली. त्यात पूर्ण पुस्तकभर आपण ओकोंक्वो या तिथल्याच नायकाबरोबर असतो, आणि शेवटी गोरा जिल्हाधिकारी मनात हिशोब करतो की आपल्या नियोजित पुस्तकात या माणसावर एक चॅप्टर, छे, एक परिच्छेद बरा होईल. ही दोन पाठोपाठ वाचा, दोन्ही छोटी आहेत. मग अचेबेने १९७५ च्या एका भाषणात कॉनरॅडला कसं झोडपलंय तेही वाचा, पटो न पटो.

आवृत्ती घेताना टिपा आणि अनुवादकाची प्रस्तावना असलेली घ्या, पण प्रस्तावना नंतर वाचा, त्यात शेवट फोडलेला असतो.

एक अडचण आहे, गोष्ट न सांगणाऱ्या छोट्या कवितेला हा प्रश्न लागू पडत नाही. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोची तर एकच कविता पूर्ण मिळते, बाकी सगळे तुकडे, कुठे दोन ओळी तर कुठे दोन शब्द. सॅफो, चिनी कवी तु फू, फारसी कवी हाफिज यांना वेगळं ठेवा, एका बैठकीत दोनचार पानांच्या वर वाचू नका, आणि एकाच कवितेची दोन भाषांतरं मिळाली तर शेजारी शेजारी ठेवून वाचा.