कुंपणाच्या झाडांपासूनच नवी रोपं कशी करावीत?

ड्युरांटाच्या कुंपणात मधेमधे खिंडारं पडलीत, ती त्याच झाडांच्या रोपांनी भरता येतील का, असं तुम्ही विचारलंय. येतील. छाटणी करून जे फेकता, त्यातच रोपं आहेत.

शेंड्याची लुसलुशीत फांदी घेऊ नका, ती कुजते. बुंध्याजवळची जुनाट फांदीही नको, तिला मुळं फुटायला फार वेळ लागतो. मधली घ्या: वाकवली की लवणारी, आणखी वाकवली की कट्कन मोडणारी. जाडी पेन्सिलीएवढी, लांबी 15 ते 20 सेंटिमीटर. खालचा काप डोळ्याच्या (पान जिथून फुटतं त्या सांध्याच्या) लगेच खाली तिरका, वरचा सरळ. म्हणजे कुठलं टोक मातीत जायचं ते विसरत नाही. (मी एकदा अख्खी ओळ उलटी खोचली होती. एकही काडी जगली नाही.) वरची दोन-तीन पानं ठेवून बाकीची काढा, ठेवलेलीही अर्धी कापा, मुळं नसताना पानांतून पाणी उडून गेलं की काडी वाळते. कुंडीत निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), खत अजिबात नको. दोन डोळे मातीखाली जातील अशी खोचा, सावलीत ठेवा. माती ओलसर हवी, चिखल नको.

खरी फसगत पुढे आहे. दहा-पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसतात आणि आपण खूश होऊन रोप हलवतो. ते कोंब काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेले असतात, मुळांचा पत्ताच नसतो. सहा-आठ आठवडे हात लावू नका, उपटून तर मुळीच बघू नका. कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की मगच हलवा.

पण तुमच्या खिंडारांसाठी मी दाब कलमच करीन. शेजारच्या झाडाची खालची फांदी खिंडाराकडे वाकवा, जिथे जमिनीला टेकेल तिथे डोळ्याखाली सालीला छोटी चीर द्या, तेवढा भाग मातीत पुरून वर दगड ठेवा, शेंडा बाहेर. जुन्या झाडांची मुळं आसपासचं पाणी ओढून घेतात, त्यामुळे बाहेरून आणलेलं इवलंसं रोप तिथे खुरटतं. दाबलेल्या फांदीला मात्र मुळं धरेपर्यंत आईच पोसत असते. दोन-तीन महिन्यांनी हलकेच ओढून बघा (इथे चालतं). घट्ट लागली तर आईपासून कापा आणि तिथेच वाढू द्या.