घर निवडताना पुढची नोकरीही लक्षात घ्यावी

घर कोठे घ्यावे, असे आपण विचारले आहे. सध्याची नोकरी नवी मुंबईतील ऐरोलीत असल्यामुळे तेथेच घर घ्यावे, हा आपला विचार समजण्यासारखा आहे. परंतु गृहकर्ज अनेकदा २० वर्षांचे असते आणि नोकरी तितकी टिकेलच असे नाही. माझ्या मते ठाणे किंवा घाटकोपर अधिक सोयीचे, कारण ठाण्याहून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाबरोबरच ऐरोली-वाशीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकलही मिळते, तर घाटकोपरहून २०१४ पासून मेट्रोने थेट अंधेरी गाठता येते. किंमत जास्त पडेल, हे खरे. अंतर मात्र किलोमीटरमध्ये न मोजता दारापासून दारापर्यंतच्या मिनिटांत मोजावे, तेही सकाळी साडेआठच्या गर्दीत स्वतः प्रवास करून. रविवारी घर पाहायला जाणाऱ्याला रिक्षाची रांग दिसत नाही. शक्य असल्यास आधी ११ महिने भाड्याने राहावे.