चिकन नीट शिजवलं तर अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू मरतात का?

हो, मरतात. औषधाला दाद न देणारा साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) उष्णतेपुढे इतरांसारखाच. मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअसला पोचलं की संपला. खरा घोळ ओट्यावर होतो. कच्चं चिकन कापलेल्या पाटावरच कोशिंबिरीची काकडी चिरली, की जंतू न शिजताच पोटात. चिकन नळाखाली खळखळून धुऊ नका, शिंतोडे सगळीकडे उडतात. (आमच्याकडे हे पटवणं महाकठीण!)

मुळात हे जंतू तयार होतात ते कोंबड्यांना सर्रास औषधं दिल्याने. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध. त्याला निकामी करणारं, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारं जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूमध्ये सापडलं. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.