सोमसूत्री प्रदक्षिणा अर्धी कशी?

‘शंकराच्या देवळात गेलो की आजी “सोमसूत्री घाल, पन्हळ ओलांडू नकोस” असे बजावत असे. हा शब्द सोमवारावरून आला आहे काय? आणि या प्रदक्षिणेला अर्धी का म्हणतात?’ अशी पृच्छा एका वाचकाने केली असून, जाता जाता ‘प्रदक्षिणा घालणे’ बरोबर की ‘मारणे’ असेही विचारले आहे.

सोमवाराशी या शब्दाचे नाते आहे ते केवळ ‘सोम’ या अवयवापुरते. ‘सोमसूत्र’ हे देवळाच्या एका भागाचे नाव आहे. पिंडीवर टांगलेल्या गळतीतून (तळाला भोक असलेल्या भांड्यातून) थेंब थेंब पडणारे पाणी शाळुंकेवर, म्हणजे पिंडीच्या बैठकीवर, उतरते, तिच्या निमुळत्या टोकाकडे वाहत जाते आणि तिथून दगडी पाटाने गाभाऱ्याच्या भिंतीबाहेर पडते. ते पाणी वाहून नेणारा हा मार्ग म्हणजे सोमसूत्र. बाहेरच्या बाजूस त्याच्या तोंडाशी गाईचे किंवा मकराचे मुख कोरलेले असते. आमच्या गावच्या देवळात या गोमुखाखाली बारमाही ओल असल्याने तिथे अळू माजलेले असे आणि पुजारी त्याचे एक पानही कुणाला तोडू देत नसत. संस्कृत शिल्पग्रंथांत या मार्गाला ‘प्रणाल’ असेही म्हणतात. आपली ‘पन्हळ’ त्यातूनच आली आणि पुढे घराच्या वळचणीला पागोळ्यांचे पाणी झेलणाऱ्या पत्र्यालाही तेच नाव मिळाले.

हा पाट सामान्यतः उत्तरेकडे काढलेला असतो. दिशांच्या अधिपतींमध्ये उत्तरेला बहुधा कुबेराची नेमणूक असली, तरी काही ठिकाणी ते स्थान सोमाला दिलेले आढळते आणि ‘सौम्या’ हा शब्द उत्तर दिशेसाठी वापरला जातो. त्यामुळे ‘सोमाच्या दिशेने गेलेली रेघ’ हा अर्थ मला अधिक पटतो. शंकराच्या मस्तकावरच्या चंद्राशी त्याची सांगड घालणारेही आहेत, पण तसे मानल्यास ‘सूत्र’ या शब्दाचा उलगडा नीट होत नाही. ‘सोमसूत्री’ हे मुळात प्रदक्षिणेचे विशेषण. ‘पैठणी साडी’तली साडी गळून नुसती पैठणी उरली, त्याच चालीने बोलण्यातून प्रदक्षिणा गळाली आणि विशेषणच नाम होऊन बसले.

आता अर्धेपणाविषयी. कोणत्या देवाला किती प्रदक्षिणा घालाव्यात हे सांगणारा एक प्रचलित श्लोक देवीला एक, सूर्याला सात, गणपतीला तीन, विष्णूला चार असा हिशेब मांडून ‘शिवस्यार्धप्रदक्षिणा’ असा संपतो. प्रत्यक्षात मात्र ती अर्धी भरत नाही. देऊळ पूर्वाभिमुख आहे असे धरा. देव उजव्या हाताला ठेवून (‘प्रदक्षिण’ या शब्दातच ही अट आहे) दारापासून निघालेला माणूस दक्षिण आणि पश्चिम या बाजू मागे टाकून उत्तरेच्या पन्हळीपाशी पोहोचतो, तेव्हा त्याचे तीन चतुर्थांश वर्तुळ चाललेले असते. तिथून तो त्याच वाटेने माघारी दारापाशी येतो, मग दुसऱ्या अंगाने पन्हळीच्या पलीकडल्या काठापर्यंत उरलेला चतुर्थांश जातो आणि पुन्हा परततो. बेरीज केली तर पुरत्या दोन फेऱ्यांइतकी चाल होते! पश्चिमाभिमुख देवळात तुकडे उलटे पडतात, पण बेरीज तीच येते. तेव्हा ‘अर्धी’ हा शब्द अंतराचा वाचक नसून ‘वर्तुळ न मिटवलेली’ एवढेच तो सांगतो, असे समजावे.

वर्तुळ न मिटवण्याचे कारण आजीच्या वाक्यातल्या ‘ओलांडू’ या क्रियापदात आहे. पिंडीवरून आलेले पाणी हे शिवाचे निर्माल्य, आणि ओलांडणे हा आपल्याकडे अनादर. निजलेल्या मुलाला, पुस्तकाला, वाढलेल्या पानाला आपण ओलांडत नाही, तसेच हे. शास्त्रकारांनीही ‘सोमसूत्रं न लङ्घयेत्’ म्हणताना हेच क्रियापद योजले; मात्र पाट गवताने, पानांनी, लाकडाने किंवा दगडाने झाकलेला असेल तर ओलांडण्यास हरकत नाही, अशी सवलतही परंपरेने दिलेली आहे. ज्या देवळांत पाट फरशीखालून नेलेला असतो तिथे लोक बिनदिक्कत पूर्ण प्रदक्षिणा घालताना दिसतात, ते या सवलतीला धरूनच आहे. नर्मदेच्या परिक्रमेतही नदीचे पात्र मध्येच ओलांडायचे नसते, याची इथे आठवण होते.

राहिला क्रियापदाचा प्रश्न. प्रदक्षिणा ‘घालतात’ किंवा लेखी भाषेत ‘करतात’. ‘मारली’ जाते ती फेरी, चक्कर किंवा खेप. ‘प्रदक्षिणा मारून आलो’ हे हल्ली सर्रास ऐकू येते, पण माझ्या कानाला ते खटकते, कारण ‘मारणे’ने त्या कृतीला उरकून टाकण्याची छटा येते. याउलट श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीभोवती हजारो लोक चालतात, त्या प्रदक्षिणेला बोलण्यात ‘ब्रह्मगिरीची फेरी’ म्हणण्याची रूढी आहे, आणि तिथे भाविकही ‘फेरी मारली’ असे म्हणाले तर त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.