जेवढं पाहिलं तेवढंच, पण तेवढं सगळं

सत्य, न्याय आणि राजकीय दबाव या विषयावर कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथं घेतली आहेत. पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, बाजू पाळकांनी आणि कायद्याची बाजू फौजदारी वकिलांनी पाहिली आहे. फौजदारी कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची आहेत : भारतीय न्याय संहिता (गुन्हे आणि शिक्षा), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (तपास आणि खटल्याची पद्धत) आणि भारतीय साक्ष अधिनियम (पुरावा). त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते.

प्रश्न : सोसायटीच्या निवडणुकीच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत मारामारी झाली. एकाच्या हातावर लोखंडी गज बसला, हाड मोडलं. मी दारातून पाहिलं. मारणारा पुढाऱ्याचा माणूस. आता निरोप येतोय, ‘मामा, अंधार होता, काय दिसलं न्हाई एवढंच म्हणा.’ पुतण्या त्यांच्याच शब्दावर दूध संघात लागलाय. माझं वय ६३. घरचे म्हणतात, गप्प बसा. (करवीर तालुका)

अंधार होता का, हे आधी स्वतःला विचारा. खांबावरचा दिवा लागलेला होता का? तुम्ही किती पावलांवर होता? मारणाऱ्याचं तोंड दिसलं, की पाठ आणि आवाज यावरून ओळखलं? याची उत्तरं आजच तारीख घालून वहीत लिहा. जे दिसलं नाही तेही लिहा. ही वही कोर्टात चालवायला नाही, चार महिन्यांनी गल्लीतल्या गप्पा आणि तुमची आठवण यांची सरमिसळ होऊ नये म्हणून आहे.

गप्प बसण्याबद्दल लेवीय ५:१ अगदी सरळ बोलतं : ज्यानं पाहिलं किंवा ज्याला ठाऊक आहे आणि विचारल्यावरही जो सांगत नाही, त्याच्यावर दोष राहतो. पण निर्गम २३ ची पहिली तीन वचनंही सोबत वाचा. बहुमताच्या मागं लागून न्याय वाकवू नको, असं तिथं आहे, आणि गरिबाच्या दाव्यात त्याचीही बाजू घेऊ नको, असंही आहे. म्हणजे जखमी माणसाची कीव येऊन ‘तीन वार’चे ‘पाच वार’ केले तर तीही खोटी साक्षच. आपल्याकडे पहिली चूक सगळ्यांना दिसते, दुसरी पुण्यकर्म म्हणून खपते.

आता प्रत्यक्षात काय होईल ते पाहू. पोलीस साक्षीदाराला बोलावतात ते लेखी आदेशानं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे ६० वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही स्त्रीला जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. तुम्हाला ठाण्यात जायची सक्ती नाही, जबाब घरी घ्यायला सांगा. जबाब वाचून दाखवायला लावा. त्यावर सही करू नका, आणि कुणी मागितली तर कलम १८१ मध्ये सही घ्यायची नाही असं म्हटलेलं आहे, हे शांतपणे सांगा.

या जबाबाचं महत्त्व लोकांना उलट्या बाजूनं कळतं. तो स्वतः पुरावा नसतो, पण कोर्टात तुम्ही वेगळं किंवा जास्त बोललात की बचावाचा वकील तोच कागद तुमच्यापुढं धरतो. गज हातावर बसल्याचं कोर्टात सांगितलं आणि जबाबात फक्त ‘मारहाण केली’ एवढंच असलं, तर ती ‘ओमिशन’, म्हणजे जबाबात सुटलेली बाब, म्हणून नोंदवली जाते. अशा दोन-तीन नोंदींनी खरा साक्षीदार खोटा वाटायला लागतो. म्हणून हत्यार कोणतं, कुठल्या हातात होतं, वार कुठं बसला, उजेड कशाचा होता, हे चार तपशील जबाबात आलेच पाहिजेत. वेळ ‘साडेदहाच्या सुमारास’ अशी सांगा. घड्याळ पाहिलं नसताना ‘१० वाजून ३५ मिनिटं’ सांगणाऱ्याची उलटतपासणी तिथूनच सुरू होते.

तुमच्या केसमध्ये हाड मोडलंय, हत्यार लोखंडी आहे. न्याय संहितेच्या कलम ११८(२) खाली शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. अशा गुन्ह्यात पोलिसांनी साक्षीदार हजर केला तर मॅजिस्ट्रेटनं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली त्याचा जबाब नोंदवायलाच हवा. तशी लेखी मागणी तपास अधिकाऱ्याकडे करा. आपण होऊन थेट मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहता येत नाही. एकदा हा जबाब झाला की ‘मामांना फिरवू’ म्हणणाऱ्यांचा निम्मा उत्साह मावळतो.

निरोपाचंही लिहून ठेवा : कोण आलं, कधी आलं, नेमके शब्द काय होते. खोटी साक्ष द्यावी म्हणून साक्षीदाराच्या जिवाला, अब्रूला, मालमत्तेला किंवा त्याच्या माणसाच्या जिवाला, अब्रूला इजा करण्याची धमकी देणं हा न्याय संहितेच्या कलम २३२ खाली ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. नोकरीचा विषय त्यात बसतो का, हे शब्दांवरच ठरेल. ‘पुतण्याचं बघा’ आणि ‘पुतण्याला उद्या काढतो’ यांत कायद्याला फरक दिसतो. धोका खरा वाटत असेल तर साक्षीदार संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं ती ५ डिसेंबर २०१८ ला मान्य केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. अर्ज सरकारी अभियोग विभागाच्या प्रमुखांमार्फत जातो, आणि पोलीस उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी धोक्याचा अहवाल देतो. घराजवळ गस्त, कोर्टात ये-जा करताना सोबत, आरोपीसमोर न येता साक्ष, असे उपाय त्यात आहेत. अर्जात ‘भीती वाटते’ एवढंच लिहिलं तर अहवाल कोरडा येतो. तारीखवार प्रसंग द्या.

राहिला पुतण्या. त्याला अंधारात ठेवू नका. योहान १८ आणि १९ मध्ये येशूचा खटला चालवणारा रोमी सुभेदार पिलात तीनदा सांगतो की या माणसात मला दोष सापडत नाही. त्याची चौकशी चुकलेली नव्हती. ‘याला सोडलंस तर तू कैसराचा (रोमी सम्राटाचा) मित्र नव्हेस’ असा आवाज उठला, आपली खुर्ची हलताना दिसली आणि तो फिरला. तुमच्यावर आलेला दबाव त्याच जातीचा आहे, म्हणून तो खोटा किंवा हलका म्हणता येत नाही. नोकरी जाऊ शकते. हे धरूनच घरात बोला.

प्रश्न : ‘शपथ मुळीच वाहू नका’ असं प्रभूनं सांगितलंय. मग कोर्टात काय करायचं? (कागल)

मत्तय ५:३४-३७ आणि याकोब ५:१२ वाचून हा प्रश्न पडतोच. शपथ अधिनियम १९६९ च्या कलम ५ मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञा घेण्याची सोय आहे. पिंजऱ्यात उभं राहिल्यावर ‘मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ असं म्हणायचं असल्याचं आधीच सांगा. कारण विचारलं जात नाही, साक्षीचं वजन कमी होत नाही, आणि खोटं बोलल्याची शिक्षाही तीच. ज्यांना शपथ घ्यायला अडचण वाटत नाही त्यांनाही शास्त्रात आधार आहे. मुख्य याजकानं शपथ घातल्यावर येशूनं उत्तर दिलं (मत्तय २६:६३-६४), आणि पौल देवाला साक्षी ठेवून लिहितो. यावरून मंडळीत वाद घालू नये.

प्रश्न : निवडणुकीच्या तोंडावर एक उमेदवार चर्चच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक घालून देतो म्हणतोय. अट एकच, रविवारी उपासनेनंतर दोन मिनिटं बोलू द्यायचं. पंच कमिटीत दोन तट पडलेत. (इचलकरंजी)

तट पडायचं कारण नाही, ब्लॉक नाकारा. धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) कायदा १९८८ प्रमाणे संस्थेची जागा राजकीय कामाला वापरू देणं हा व्यवस्थापकाचा गुन्हा आहे. शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे बोलणार उमेदवार आणि अडकणार तुमचे सेक्रेटरी. विधानसभा-लोकसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहेच. धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे, आणि त्यात मतदाराचा धर्मही धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं. ‘ख्रिस्ती समाजानं एकगठ्ठा मत द्यावं’ हे वाक्य व्यासपीठावरून कुणीही उच्चारू नये.

हे करा : कमिटीची बैठक घेऊन लेखी ठराव करा की निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत कोणत्याही उमेदवाराकडून किंवा त्याच्या माणसाकडून रोख, वस्तू किंवा काम स्वीकारलं जाणार नाही. ठराव फलकावर लावा. उमेदवार आला तर उपासनेला बसू द्या, पण पहिल्या बाकावर नको. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा देणाऱ्यांना याकोबानं दुसऱ्या अध्यायात चांगलंच सुनावलंय. शाल-श्रीफळ नको, नावाची घोषणा नको. अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करावी (१ तीमथ्य २:१-२), अमक्याच्या विजयासाठी नव्हे. आणि फंडातून काम करतो असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, तो फंड जनतेचा आहे. त्याचे उपकार मानून मत द्यायचं कारण नाही.

चूक होते ती बहुतेक मागच्या दारानं. कमिटी नकार देते आणि तरुण संघ क्रिकेटचं किट घेऊन येतो. ठरावात संघ, महिला मंडळ, संडे स्कूल यांची नावं घाला.

प्रश्न : माझ्या भावाच्या घरच्या प्रार्थनासभेत घुसून खुर्च्या, पेटी मोडली. ठाण्यात तक्रार घेत नाहीत, ‘वरून सांगितलंय’ म्हणतात. आमचे पाळक म्हणतात, रोमकर १३ प्रमाणे अधिकाऱ्यांच्या विरोधात जायचं नाही. (गडहिंग्लज)

रोमकर १३ लिहिणारा पौल स्वतः काय करत होता, ते प्रेषितांच्या कृत्यांत आहे. फिलिप्पैत चौकशीशिवाय फटके मारून गुपचूप सोडू लागले तेव्हा, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्यानं बजावलं (१६:३७). यरुशलेमेत फटके बसण्याआधीच त्यानं रोमी नागरिकत्व पुढं केलं (२२:२५). रोमी सुभेदार फेलिक्स लाचेची वाट पाहत राहिला, पौल दोन वर्षं कैदेत राहिला, पण त्यानं पैसे दिले नाहीत. शेवटी त्यानं कैसराकडं दाद मागितली (२५:११). वरच्या अधिकाऱ्याकडं रीतसर जाणं हा अधिकार मानण्याचाच भाग झाला. आपल्याकडं सगळ्यात वरचा अधिकार संविधानाचा आहे, ‘वरून’ फोन करणाऱ्याचा नाही.

अर्जाची सुरुवात मोडलेल्या सामानापासून करू नका. नुकसान किरकोळ दाखवून अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, हातात देऊन बोळवण होते. पहिलं वाक्य असं हवं : अमुक तारखेला, अमुक वेळी उपासना सुरू असताना ती बंद पाडली. धार्मिक सभेत अडथळा आणणं हा न्याय संहितेच्या कलम ३०० खाली दखलपात्र गुन्हा आहे. नंतर घरात घुसल्याचं, मग सामानाचं लिहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तिथं हुज्जत नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा, पोच जपा. तरीही हालचाल नसेल तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडं कलम १७५(३) खाली अर्ज करा. अधीक्षकांची पायरी गाळली की हा अर्ज अडकतो, आणि लोक नेमकी तीच गाळतात. पुढं उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच तर आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर सर्किट बेंच सुरू आहे.

मोबाइलवर व्हिडिओ असेल तर ज्या फोनमध्ये काढला तो विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअॅपवरून फिरलेली प्रत बारीक होते, तिची मूळ माहिती जाते. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मूळ फाइलवरून करणं सोपं पडतं. आणि तो व्हिडिओ ‘ख्रिस्ती लोकांवर हल्ला’ असा मथळा लावून गटागटांत पाठवू नका. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद पडलं, हे आठवा.

प्रश्न : चर्चच्या इमारत निधीचे पैसे कमिटीतल्या एकानं वापरले. तक्रार दिली तर ‘ख्रिस्ती माणूस क्षमा करतो’ म्हणून मागं घ्यायचा दबाव आहे. त्यांचे राजकीय लागेबांधेही आहेत. (कोल्हापूर शहर)

पैसे तुमच्या खिशातले नाहीत. ज्यांनी दिले त्यांच्या वतीनं तुम्ही एकट्यानं क्षमा करू शकत नाही. जक्कय या जकातदारानं क्षमेच्या आनंदात चौपट परत करतो म्हटलं होतं (लूक १९:८). तुमच्याकडं क्षमा मागणारा आधी पावती पुस्तक परत करतोय का, ते पाहा. येशूच्या बारा शिष्यांतही थैली सांभाळणाराच त्यातलं काढून घेत होता, त्यामुळं ‘आपल्यात असं होत नाही’ हा युक्तिवाद नकोच.

मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा : आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढं. पण प्रत्येक पायरीला तारीख ठरवा, नाहीतर हिशोबाची वही गायब व्हायला तेवढा अवधी पुरतो. बँकेचं स्टेटमेंट, पावत्यांची स्थळप्रत आणि इतिवृत्त यांच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय कार्यालयात दाखल झालेले लेखापरीक्षण अहवाल मागवा. न्यासात हितसंबंध असलेली व्यक्ती म्हणून विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ड खाली अर्जही करता येतो. फौजदारी विश्वासघाताच्या साध्या प्रकरणात तडजोड होते, पण ती कोर्टाच्या परवानगीनं, पैसे खात्यात जमा झाल्यावर. कमिटीच्या खोलीत सह्या केलेल्या स्टॅम्प पेपरनं केस मिटत नाही.

‘मंडळीतच मिटवू’ हा शब्द एका बाबतीत कधीच ऐकू नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळक आणि पंचही त्यात आले. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथं एकट्यानं समजावण्याची पायरी लागू नाही. त्याच दिवशी ठाण्यात जा, किंवा १०९८ वर फोन करा.