सहापट उष्णता देणारं यंत्र आणि निवृत्तीचे 15 लाख

प्रश्न: साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमधून यंदा साठाव्या वर्षी निवृत्त झालो. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून 42 लाख हाती आले. घरखर्च महिन्याला 32 हजार, पेन्शन 4 हजार. जर्मनीतला पुतण्या सांगतो, तिकडच्या एका कंपनीचा कोल्ड फ्यूजनवर, म्हणजे साध्या तापमानात अणुकेंद्रं जुळवून उष्णता काढण्यावर, चालणारा हीटर येतोय, एक भाग वीज घेऊन सहा भाग उष्णता देतो. शेअर लिस्ट होण्याआधी 15 लाख घालायचे आहेत. त्याने व्हिडिओही पाठवलाय. भाभा अणुसंशोधन केंद्रातही हे प्रयोग झाले होते म्हणे. घालू का?

उत्तर: काका, घालू नका. पुतण्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शंका त्या 'सहापट' आकड्याबद्दल आहे, आणि ती तपासायला माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त लायक आहात.

व्हिडिओ मी तीनदा पाहिला. मीटरवर वीज 800 वॉट, तासाला 7 लिटर पाणी आत, थर्मामीटरवर 100 अंश आणि काळ्या नळीतून वाफ बाहेर. कंपनीचा हिशोब असा की सगळ्या पाण्याची वाफ झाली. एक किलो पाणी 20 अंशांवरून 100 वर न्यायला सुमारे 335 किलोज्यूल लागतात, त्याची वाफ करायला आणखी 2257. म्हणजे 7 लिटरला तासाला 18 हजारांवर किलोज्यूल, सुमारे 5 किलोवॉट. झाले सहापट.

पण कॅरी-ओव्हर म्हणजे काय, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जाऊ नये म्हणून तुम्ही अख्खे गळीत हंगाम जागलात. पाण्याचे थेंब मिसळलेली ओली वाफ आणि कोरडी वाफ, दोन्हींचं तापमान तेच 100. थर्मामीटरला फरक कळत नाही. नुसत्या 800 वॉटमध्येही ते 7 लिटर उकळीला येतात आणि वर जेमतेम पाव किलोची वाफ होते. पाव किलो वाफ म्हणजे जवळपास 400 लिटर! नळीच्या तोंडाशी ढग दिसायला तेवढी पुरे. उरलेलं पावणेसात किलो गरम पाणी कुठे गेलं? व्हिडिओत नळीचं दुसरं टोक भिंतीमागे जातं. ते टोक एकदाही दाखवलेलं नाही.

हा वाद नवा नाही. इटलीत बोलोन्याला जानेवारी 2011 मध्ये आंद्रेआ रॉसी यांनी असंच 'ई-कॅट' नावाचं यंत्र दाखवलं, तेव्हा वाफ कोरडी असल्याचं हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणावरून ठरवलं होतं, आणि जाणकारांनी तिथेच बोट ठेवलं. त्याआधी 23 मार्च 1989 ला युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी पॅलेडियम धातू आणि जड पाण्याच्या प्रयोगातून कोल्ड फ्यूजन होऊन जादा उष्णता मिळाल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाचे नेथन लुईस यांनी मे महिन्यात दाखवून दिलं की भांड्यातलं पाणी नीट ढवळलं नाही तर थर्मामीटर कुठे ठेवलाय यावर आकडा बदलतो. गुगलच्या पैशांवर कित्येक वर्षं काळजीपूर्वक प्रयोग झाले. 2019 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निष्कर्ष आला: कोल्ड फ्यूजनचा पुरावा सापडला नाही.

ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राबद्दलचं म्हणणं खरं आहे. 1989 मध्ये पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने तिथे प्रयोग झाले आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम या अणुक्रियेच्या खुणा आढळल्याची नोंद झाली. तो प्रामाणिक शोध होता. पण त्या नोंदींवरून या कंपनीचा हीटर सहापट उष्णता देतो, हे सिद्ध होत नाही.

आता माझ्या धंद्याचं, म्हणजे गुंतवणुकीचं बोलतो. अमेरिकेतल्या 'इंडस्ट्रियल हीट' कंपनीने रॉसींच्या यंत्रासाठी 1 कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजली. फ्लोरिडात वर्षभर चाचणी चालली. रॉसी म्हणाले, 50 पटीहून जास्त उष्णता मिळाली. कंपनी म्हणाली, मोजणीच मान्य नाही. उरलेले 8.9 कोटी डॉलर तिने दिले नाहीत, 2016 मध्ये खटला झाला, 2017 मध्ये तडजोड. याच कंपनीत ब्रिटनचे नावाजलेले फंड मॅनेजर नील वुडफर्ड यांच्या फंडांचे पैसे होते. 2018 मध्ये त्या शेअरची किंमत कागदावर वाढवलीसुद्धा गेली. जून 2019 मध्ये त्यांच्या मोठ्या इक्विटी इन्कम फंडातून पैसे काढणं बंद झालं. कारण एकटी ही कंपनी नव्हती, पण चटकन विकता न येणारी गुंतवणूक साचली होती, हे मुख्य दुखणं होतं. तुमचे शेअरही अनलिस्टेडच, म्हणजे बाजारात नोंद नसलेलेच असणार. उद्या काकूंच्या ऑपरेशनला पैसे लागले तर विकत घेणार कोण?

तुमची गरज मांडू. 32 हजारांतून पेन्शनचे 4 गेले, उरले 28. वर्षाला 3 लाख 36 हजार. 42 लाखांवर हे 8 टक्के पडतात, तेच मुळात ओढाताणीचं आहे. 15 लाख गेले तर राहिलेल्या 27 लाखांवर साडेबारा टक्के लागतील. एवढा खात्रीचा परतावा मी तुम्हाला कुठूनही आणून देऊ शकत नाही. शिवाय परदेशी गुंतवणुकीसाठी वर्षात 10 लाखांवर रक्कम गेली की वरच्या भागावर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर तुमचे 1 लाख अडकतात.

30 लाख सिनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवा, दर तिमाहीला व्याज खात्यात येईल. उरलेल्या 12 पैकी 4 लाख दवाखान्यासाठी वेगळ्या एफडीत. 8 लाखांचं काय करायचं ते भेटून ठरवू, घाई नाही.

पुतण्याला मात्र रागावू नका. त्याला एवढंच कंपनीला विचारायला सांगा: पिंपात 25 अंशांचं 100 लिटर पाणी घ्या, नळीचं ते टोक त्यात बुडवा, अर्धा तास यंत्र चालवा आणि सगळं एकाच शॉटमध्ये दाखवा. वाफ खरोखर कोरडी असेल तर पाणी 20 अंशांनी तापेल. नुसत्या विजेची उष्णता असेल तर 3 अंशांनी. व्हिडिओ आला तर आधी तुम्ही बघा, मग मला पाठवा.