वाचकांचे प्रश्न : सोन्याच्या नाण्यांचा संग्रह लिलावात

प्रश्न : वडिलांच्या मागे सोन्याच्या ६० जुन्या नाण्यांचा संग्रह राहिला आहे. बरीचशी ब्रिटिश सॉव्हरिन आहेत. काही काळपट दिसतात. लिलावाला देण्याआधी पॉलिश करावी का? आणि सगळी एकत्र द्यावी की सुटी?

उत्तर : पॉलिश अजिबात नको, मऊ कापडानेही पुसू नका. ठसा बसताना धातूवर आलेली मूळ चकाकी घासली की गेली. भिंगाखाली बारीक रेघा दिसतात आणि दुर्मीळ नाण्याचा भाव बराच उतरतो. २२ कॅरटमध्ये बहुधा तांबे मिसळलेले असते, त्यामुळे थोडी लालसर-तपकिरी छटा येते. तो दोष नव्हे. खरा दोष म्हणजे नाणे दागिन्यात अडकवण्यासाठी बसवलेल्या कडीचा डाग, म्हणून प्रत्येक नाण्याची कड फिरवून पाहा. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटात असतील तर आजच काढा. ते प्लास्टिक पुढे चिकट हिरवट थर सोडते.

मग यादी करा : साल, टाकसाळीचे चिन्ह, व्यास, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावरचे वजन. सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅमचे, व्यास सुमारे २२ मिलिमीटर. किंचित कमी भरले तर झीज समजा. मात्र वजन जुळले म्हणजे नाणे अस्सल, असे नाही. दुर्मीळ सालांची नकली नाणी खऱ्या सोन्यातही पाडलेली आढळतात. नुसत्या सालावरही जाऊ नका. १९१७चे लंडन टाकसाळीचे सॉव्हरिन दुर्मीळ, तर त्याच सालचे सिडनी किंवा पर्थचे सहज मिळणारे. फरक टाकसाळीच्या चिन्हाचा, म्हणजे एका बारीक अक्षराचा. लंडनच्या नाण्यावर ते अक्षर नसते, आणि नकली करणारे नेमका त्याचाच फायदा घेतात.

दुर्मीळ नाणी स्वतंत्र लॉटमध्ये (एका बोलीत विकला जाणारा माल) द्या, सामान्य नाणी गटाने. नाण्याच्या स्थितीला ७० पैकी गुण देणाऱ्या संस्थेकडून प्रमाणित करून सीलबंद करणे दुर्मीळ नाण्यांनाच परवडते. सामान्य नाण्यावर त्याची फी निघत नाही. एकाच प्रकारची बरीच असतील तर दोन-तीन लिलावांत विभागा, नाहीतर तुमचीच नाणी एकमेकांचा भाव पाडतील. वडिलांच्या पावत्या, चिठ्ठ्या, जुनी पाकिटे टाकू नका. नाणे कुठून आले याचा कागद असला की बोली वाढते.

प्रश्न : एका लिलावगृहाने इतरांपेक्षा बराच मोठा अंदाज दिला आहे. तिथेच द्यावे का?

उत्तर : अंदाज ही हमी नव्हे, माल मिळवण्यासाठीही तो फुगवला जातो. हिशेब करारावरून करा. समजा बोली १०० वर थांबली, खरेदीदाराचा अधिभार २० टक्के आणि तुमचे कमिशन १० टक्के : तो १२० भरेल, तुम्हाला ९० मिळतील. त्यातूनही फोटो आणि विम्याचा खर्च वजा होऊ शकतो. राखीव किंमत (जिच्याखाली नाणे विकायचे नाही ती) अंदाजाच्या खालच्या टोकापेक्षा कमीच ठेवा. न विकले गेलेले नाणे लगेच पुन्हा आणले की जाणकार हात आखडता घेतात. नाणे न विकल्यास किंवा मागे घेतल्यास किती आकार, पैसे किती दिवसांत, आणि खरेदीदाराने रक्कम बुडवली तर काय, हे सही करण्याआधी लेखी घ्या.